‘चा-ची-चे’ दिसलं की थांबा: इंग्रजी नामासोबत कोणतं प्रीपोझिशन लावायचं?

रजेची मेल तपासून घ्यायला एक मुलगा आला होता. पहिलीच नोकरी, बहिणीचं लग्न तोंडावर, आणि साहेबांना पाठवायच्या पाच ओळी:

‘द रीझन ऑफ माय लीव्ह इज माय सिस्टर्स मॅरेज विथ अ बॉय फ्रॉम सातारा. आय विल गो इन अ बस ऑन नेक्स्ट मंडे. देअर इज नो अदर सोल्यूशन ऑन धिस. आय विल गिव्ह द आन्सर ऑफ ऑल मेल्स. वी कॅन डिस्कस अबाउट माय पेंडिंग वर्क ऑन द फोन.’

स्पेलिंग एकही चुकलेलं नव्हतं, काळ ठीक होते, अर्थही कुणाला कळला नसता असं नाही. तरी चुका सात, आणि सातही एकाच जातीच्या. रीझन ऑफ, मॅरेज विथ, इन अ बस, ऑन नेक्स्ट मंडे, सोल्यूशन ऑन, आन्सर ऑफ, डिस्कस अबाउट. आता हीच मेल मनातल्या मनात मराठीत वाचा: रजेचं कारण, मुलाशी लग्न, बसमध्ये, पुढच्या सोमवारी, यावर उपाय, मेलचं उत्तर, कामाबद्दल चर्चा. मराठीत एकही जागा खटकत नाही. मुलाचं इंग्रजी कच्चं नव्हतं, मराठी पक्कं होतं. त्यामुळे हा लेख इंग्रजीच्या नियमांपासून नाही, आपल्या विभक्तीपासून सुरू होतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. देवनागरीत ‘ऑफ’ लिहिलं की दोन वेगळे शब्द एकसारखे दिसतात. या लेखातला ‘ऑफ’ म्हणजे एका एफचा, षष्ठीवाला. दिवे बंद करणारा दोन एफचा ‘ऑफ’ इथे कुठेही नाही. ही गफलत इंग्रजीत लिहितानाही होते, आणि ती मात्र लगेच नजरेत भरते.

पायरी १: प्रीपोझिशनचा मालक कोण ते ठरवा

समजा एखाद्याच्या मनात तुमच्याविषयी बरंच काही आहे. तो म्हणेल: तुझ्यावर प्रेम आहे, तुझी आठवण येते, तुझ्याबद्दल आदर आहे, तुझ्याशी भांडण झालं. ‘तू’ तोच, पण त्याच्यामागे लागणारी शेपटी दर वेळी वेगळी. ती कोण ठरवतं? ‘तू’ नाही. प्रेमाला ‘वर’ लागतो, आठवणीला ‘ची’ लागते, भांडणाला ‘शी’ लागतो. का, असं कुणी आईला विचारलेलं नसतं. हिंदीत तेच प्रेम ‘तुमसे’ असतं, म्हणजे तिथे ‘से’ लागतो. म्हणून कुणी हिंदीवाला चूक ठरत नाही आणि मराठीवालाही नाही.

इंग्रजीतही नेमकं हेच चालतं. ‘इंटरेस्ट इन म्युझिक’ यातला ‘इन’ म्युझिकमुळे आलेला नाही, इंटरेस्टमुळे आला आहे. म्युझिक काढून क्रिकेट घाला, शेती घाला, शेअर बाजार घाला, ‘इन’ हलत नाही. पण इंटरेस्ट काढून ‘लव्ह’ ठेवा, की ‘इन’ गेला आणि ‘लव्ह ऑफ म्युझिक’ झालं. तेव्हा ‘संगीताची आवड’ यातल्या ‘ची’ला इंग्रजीत काय म्हणतात, हा प्रश्नच चुकीचा. ‘इंटरेस्ट’ या शब्दाला काय चालतं, हे विचारायचं.

मालक दोन ठिकाणी सापडतो. ‘रीझन फॉर’मध्ये तो प्रीपोझिशनच्या आधी उभा आहे. ‘ऑन लीव्ह’मध्ये तो नंतर आहे, कारण तिथे ‘ऑन’ला ‘लीव्ह’नेच बोलावलं आहे. आधी पहिल्या प्रकाराकडे बघू. चुका तिथे जास्त होतात.

पायरी २: चा, ची, चे दिसलं की थांबा

शाळेत आपण षष्ठीपुढे ‘ऑफ’ लिहायला शिकलो आणि तिथेच पाय घसरला. मराठीतली षष्ठी म्हणजे घरातला हरकाम्या गडी. आजीचा फोटो, पाच हजारांचा चेक, खोलीची किल्ली, पुरणपोळीची रेसिपी, चोरीची शिक्षा, डोकेदुखीचं औषध, नाशिकचा रस्ता, सगळीकडे तोच राबतो. इंग्रजीत या सात ठिकाणी ‘ऑफ’ फक्त पहिल्याला लागतो: फोटो ऑफ आजी. बाकीचे असे: चेक फॉर फाइव्ह थाउजंड, की टू द रूम, रेसिपी फॉर पुरणपोळी, पनिशमेंट फॉर थेफ्ट, मेडिसिन फॉर हेडेक, रोड टू नाशिक.

म्हणून माझा एकच सल्ला सवय म्हणून लावून घ्या. मनातल्या मराठी वाक्यात चा-ची-चे आलं, की ‘ऑफ’ लिहायच्या आधी हात थांबवा आणि हे नाम खालच्या कोणत्या घरातलं आहे ते बघा.

‘फॉर’चं घर. जे अजून हातात नाही, पण हवं आहे, त्याच्याशी संबंधित नामं बहुधा इथे राहतात: डिमांड, नीड, डिझायर, रिक्वेस्ट, सर्च, ॲप्लिकेशन. पाण्याची मागणी म्हणजे डिमांड फॉर वॉटर. बदलाची गरज म्हणजे नीड फॉर चेंज. (‘इन नीड ऑफ’ हा वेगळा वाक्प्रचार आहे, तिथे ‘ऑफ’च बरोबर.) याच घरात दुसरी खोली परतफेडीची. एकाच्या बदल्यात दुसरं काही येतं अशी नामं तिथे आहेत: बिल, चेक, पनिशमेंट, प्राइझ, एक्स्क्यूज. ‘रीझन’ही इथेच. उशिराचं कारण म्हणजे रीझन फॉर द डिले. आदरही इथेच येतो, रिस्पेक्ट फॉर टीचर्स. तो कोणत्या खोलीत बसतो हे मला आजवर समजलेलं नाही, पण राहतो याच घरात.

इथे एक काटा आहे. मराठीत ‘कारण’ एकच, इंग्रजीत दोन: ‘रीझन’ आणि ‘कॉज’. कशामुळे घडलं ते ‘कॉज’, का केलं किंवा का झालं याचं स्पष्टीकरण ते ‘रीझन’. आगीचं कारण शॉर्ट सर्किट असेल तर कॉज ऑफ द फायर. तुम्ही उशिरा का आलात, तर रीझन फॉर बीइंग लेट. म्हणजे ‘कॉज’ला ‘ऑफ’, ‘रीझन’ला ‘फॉर’. ही जोडी उलटी पडली की वाक्य तिरकं चालतं. ‘कॉज फॉर कन्सर्न’ असंही तुम्हाला दिसेल. तिथे ‘कॉज’चा अर्थ ‘चिंता करायला निमित्त’ असा, म्हणजे जवळजवळ ‘रीझन’च आहे, आणि म्हणूनच त्याने ‘फॉर’ उचलला आहे.

‘टू’चं घर. ‘टू’ म्हणजे बाण. एक गोष्ट दुसऱ्या गोष्टीपर्यंत जाऊन पोचते किंवा तिच्यावर बसते. किल्ली कुलपाला बसते, उत्तर प्रश्नाला बसतं, तोडगा अडचणीला बसतो: की टू, आन्सर टू, सोल्यूशन टू. जिथे पोचायचं असतं तिथे ॲक्सेस टू, एन्ट्रन्स टू, व्हिजिट टू, इन्व्हिटेशन टू. जे येऊन आदळतं तेही इथेच: डॅमेज टू द कार, थ्रेट टू हेल्थ. समोरून आलेल्याला दिलेला प्रतिसाद: रिप्लाय टू, रिॲक्शन टू, ऑब्जेक्शन टू. आणि लग्न. मराठीत लग्न ‘शी’ने होतं, कारण ते दोघांचं मिळून असतं. इंग्रजीत एकाचं दुसऱ्याला बांधलं जातं, म्हणून मॅरेज टू, आणि विशेषणही मॅरिड टू. ‘मॅरिड विथ टू चिल्ड्रन’ असं वाक्य इंग्रजीत असू शकतं, पण त्याचा अर्थ ‘विवाहित, दोन मुलं आहेत’ एवढाच. नवरा किंवा बायको त्या ‘विथ’मागे येत नाही.

‘इन’चं घर. एखाद्या गोष्टीच्या आत झालेला बदल इथे येतो: इन्क्रीज, डिक्रीज, राइज, फॉल, ड्रॉप, चेंज, इम्प्रूव्हमेंट. इथे मराठी आपल्याला चक्क उत्तर हातात देते आणि आपण ते घेत नाही. वर्तमानपत्रातली नेहमीची बातमी घ्या: ‘दुधाच्या दरात २ रुपयांची वाढ’. दरात, तिथे ‘त’, म्हणून ‘इन’. २ रुपयांची, तिथे ‘ची’, म्हणून ‘ऑफ’. ॲन इन्क्रीज ऑफ टू रुपीज इन द प्राइस ऑफ मिल्क. ज्यात वाढ झाली त्याला ‘इन’, जेवढी झाली त्याला ‘ऑफ’. मोठ्या परीक्षांत आलेखाचं वर्णन करायला सांगतात तेव्हा हे एक वाक्य पाठ असलं तरी अर्धं काम होतं.

इंटरेस्टही ‘इन’कडेच. त्याच्या शेजारी विश्वासाचं सगळं कुटुंब राहतं: बिलीफ, फेथ, ट्रस्ट, कॉन्फिडन्स. मराठीत आपण विश्वास ‘वर’ ठेवतो, इंग्रजीत तो ‘आत’ ठेवतात.

आणि खऱ्याखुऱ्या ‘ऑफ’चं घर. हे लहान नाही, म्हणूनच फसगत होते. लॅक ऑफ, शॉर्टेज ऑफ, कॉस्ट ऑफ, नॉलेज ऑफ, फिअर ऑफ, रिस्क ऑफ, हॅबिट ऑफ, रिझल्ट ऑफ, साइन ऑफ, एक्झाम्पल ऑफ. इथे मराठी ‘चा’ आणि इंग्रजी ‘ऑफ’ हातात हात घालून चालतात. पाण्याची टंचाई, शॉर्टेज ऑफ वॉटर. पण त्याच पाण्याची मागणी, डिमांड फॉर वॉटर. टंचाई आणि मागणी एकाच बातमीत येतात, दोन्हीला मराठीत ‘ची’ येते, आणि भाषांतर करताना नेमकी तिथेच ठेच लागते.

इंग्रजीलाही एकेकाळी आपल्यासारखे विभक्तिप्रत्यय होते. बाराव्या-तेराव्या शतकापर्यंत ते बरेचसे झिजून गेले आणि त्यांचं काम प्रीपोझिशनांच्या अंगावर पडलं. ‘सिस्टर्स’मधला तो अपॉस्ट्रॉफी-एस म्हणजे त्या जुन्या षष्ठीचीच खूण. प्रत्यय गेले आणि कामं वाटली गेली. आपल्या एकट्या षष्ठीचं काम तिथे चार-पाच जण का करतात, याचं थोडंसं उत्तर त्यात आहे.

पायरी ३: ‘वर’वर थोडा भरवसा ठेवा, पूर्ण नाही

‘चा’ जितका दगाबाज, तितका ‘वर’ प्रामाणिक. आरोग्यावर परिणाम, इफेक्ट ऑन हेल्थ. प्लास्टिकवर बंदी, बॅन ऑन प्लास्टिक. उत्पन्नावर कर, टॅक्स ऑन इन्कम. हल्ला, प्रभाव, भर, दबाव यांचंही तसंच: अटॅक ऑन, इन्फ्लुअन्स ऑन, एम्फसिस ऑन, प्रेशर ऑन. जिथे वजन पडतं तिथे दोन्ही भाषा वरूनच बघतात.

अपवाद मोजके आहेत, पण रोजच्या वापरातले आहेत. उपाय: सोल्यूशन टू, आणि आजारावरचा असेल तर क्युअर फॉर किंवा रेमेडी फॉर. प्रेम: माणसावरचं असेल तर बहुधा लव्ह फॉर. विश्वास: वर सांगितला तसा ‘इन’. प्रभुत्व: कमांड ऑफ इंग्लिश. आपल्याकडे ‘कमांड ओव्हर इंग्लिश’ इतकं रुळलं आहे की बायोडेटात ते दिसलं तरी कुणी दचकत नाही. भारतीय इंग्रजी म्हणून ते चालवायला माझी हरकत नाही, पण परदेशी विद्यापीठाला पाठवायच्या पत्रात ‘ऑफ’ लिहा. त्या वाक्यात तुम्ही आपलं इंग्रजी चांगलं आहे हेच सांगत असता.

पायरी ४: क्रियापदाची ‘अबाउट’, ‘ऑन’ काढून टाका

या चुकीचा उगम मला सगळ्यात गमतीचा वाटतो. मराठीत आपण बरीच क्रियापदं नामाला ‘करणे’ किंवा ‘देणे’ जोडून तयार करतो: चर्चा करणे, विनंती करणे, मागणी करणे, भर देणे, भेट देणे, उत्तर देणे, लग्न करणे. क्रियापद बोलतानाही आपल्या डोक्यात नाम जिवंत असतं, आणि त्या नामाची शेपटीही असते. कामाबद्दल चर्चा, मुद्द्यावर भर. इंग्रजीत मात्र ‘डिस्कस’ हे एकसंध क्रियापद आहे. त्याच्या पोटात ‘बद्दल’ आधीच आहे. ‘डिस्कस अबाउट’ म्हणणं म्हणजे ‘कामाबद्दलविषयी चर्चा’ करणं.

इंग्रजीत नाम आणि क्रियापद यांचे संसार वेगळे आहेत. नामाला प्रीपोझिशन लागतं, त्याच अर्थाच्या क्रियापदाला लागत नाही. या जोड्या मोठ्याने म्हणून बघा:

अ डिस्कशन अबाउट द बजेट, पण वी डिस्कस्ड द बजेट.
ॲन एम्फसिस ऑन क्वालिटी, पण दे एम्फसाइझ क्वालिटी.
अ डिमांड फॉर हायर वेजेस, पण दे डिमांडेड हायर वेजेस.
अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह, पण आय रिक्वेस्टेड लीव्ह.
अ व्हिजिट टू पंढरपूर, पण वी व्हिजिटेड पंढरपूर.
ॲक्सेस टू द फाइल, पण आय ॲक्सेस्ड द फाइल.
अ लॅक ऑफ कॉन्फिडन्स, पण ही लॅक्स कॉन्फिडन्स.
हर मॅरेज टू रवी, पण शी मॅरिड रवी.
अ बॅन ऑन प्लास्टिक, पण दे बॅन्ड प्लास्टिक.

उलट दिशेनेही फसतात लोक. ‘लॅक’चं क्रियापद वापरताना ‘ही लॅक्स ऑफ कॉन्फिडन्स’ असं लिहितात, कारण ‘लॅक ऑफ’ कानात बसलेलं असतं. ‘इफेक्ट ऑन हेल्थ’ पाठ झालं, की ‘इट अफेक्ट्स ऑन हेल्थ’ आपोआप येतं. त्याला पाठांतर पुरत नाही. लिहिताना एक क्षण बघायचं की हा शब्द माझ्या वाक्यात नाम आहे की क्रियापद. त्याच्या आधी अ, द, माय, नो असं काही असेल तर तो बहुतेक नाम आहे.

सगळ्या क्रियापदांचं असं नाही, हेही सांगायला हवं. ‘अप्लाय फॉर अ जॉब’, ‘रिप्लाय टू अ मेल’, ‘ऑब्जेक्ट टू द प्लॅन’, ‘कमेंट ऑन द न्यूज’ यांत क्रियापदालाही तेच प्रीपोझिशन आहे जे नामाला आहे. ‘आन्सर’ आणि ‘रिप्लाय’ जुळ्या बहिणींसारख्या दिसतात, पण एकीला ‘टू’ लागतो आणि दुसरीला नाही: आय रिप्लाइड टू हिज मेल, आय आन्सर्ड हिज मेल. नामं झाली की मात्र दोघींनाही ‘टू’.

पायरी ५: एकच नाम, दोन प्रीपोझिशनं

काही नामांची दोन घरं असतात, आणि घर बदललं की अर्थ बदलतो. ‘ॲप्लिकेशन फॉर’ नोकरीसाठी, ‘ॲप्लिकेशन टू’ ज्या संस्थेकडे केला तिच्याकडे, आणि ‘ॲप्लिकेशन ऑफ’ म्हणजे नियम लावणं किंवा मलम लावणं. तिसरा अर्थ मनात नसताना ‘ॲप्लिकेशन ऑफ जॉब’ लिहिलं, तर नोकरी कुठेतरी चोळायची आहे असं वाटतं.

‘डिफरन्स बिटवीन’ दोन गोष्टींत, ‘डिफरन्स इन’ कोणत्या बाबतीत: द डिफरन्स इन प्राइस बिटवीन हापूस अँड पायरी. ‘कन्सर्न अबाउट’ म्हणजे काळजी वाटणं, ‘कन्सर्न फॉर’ म्हणजे काळजी असणं, आपुलकीने. ‘ॲग्रीमेंट विथ’ माणसाशी, ‘ॲग्रीमेंट ऑन’ मुद्द्यावर. ‘रिस्पॉन्सिबिलिटी फॉर’ कामाची, ‘रिस्पॉन्सिबिलिटी टू’ ज्याला उत्तर द्यायचं त्याच्याप्रति. ‘वे टू’ स्टेशनचा रस्ता, ‘वे ऑफ’ बोलण्याची पद्धत. आणि ‘डिमांड फॉर’ म्हणजे बाजारातली मागणी, तर ‘डिमांड्स ऑन माय टाइम’ म्हणजे वेळेवर पडलेला ताण. वजन पडलं की ‘ऑन’, हे इथेही लागू पडलं.

प्रीपोझिशननंतर क्रिया आणायची असेल तर आयएनजी लावायचा: इंटरेस्ट इन लर्निंग, रीझन फॉर लीव्हिंग. अडचण फक्त ‘टू’ची, कारण ‘टू’ दोन आहेत. ‘ऑब्जेक्शन टू गोइंग’ बरोबर आणि ‘डिसिजन टू गो’ही बरोबर. कोणता ‘टू’ कोणता, हे ओळखायला त्याच्यापुढे एखादं साधं नाम ठेवून बघा. ‘ऑब्जेक्शन टू द प्लॅन’ चालतं, म्हणजे तो प्रीपोझिशन ‘टू’ आहे, आयएनजी लावा. ‘डिसिजन टू द प्लॅन’ चालत नाही, म्हणजे क्रियापद जसंच्या तसं ठेवा. ॲबिलिटी, अटेम्प्ट, परमिशन, रिफ्यूझल ही दुसऱ्या गटातली. ‘ॲबिलिटी ऑफ डूइंग’ हे आपल्या ‘करण्याची क्षमता’ यातल्या ‘ची’चं काम आहे. ॲबिलिटी टू डू लिहा.

पायरी ६: प्रीपोझिशन आधी, नाम नंतर

आता ‘ऑन लीव्ह’चा प्रकार. इथे नियम कमी, सवय जास्त, म्हणून भराभर जाऊ. वाहनांचं एवढं लक्षात ठेवा: ज्यात उभं राहून चालता येतं त्यावर ‘ऑन’ (बस, ट्रेन, विमान, जहाज), ज्यात वाकून शिरावं लागतं त्यात ‘इन’ (कार, टॅक्सी, रिक्षा). ज्यावर टांग टाकून बसतात ते पुन्हा ‘ऑन’: सायकल, मोटरसायकल, घोडा. मराठीतल्या ‘बसने’ला ‘बाय बस’. पण ‘बाय’ला उघडं नाम लागतं. मध्ये अ, द, माय आलं की ‘बाय’ सोडून द्यायचा: माझ्या गाडीने आलो, आय केम इन माय कार. पायी जाणं तेवढं ‘ऑन फुट’.

वेळेचं: तासाला ‘ॲट’, दिवसाला ‘ऑन’, महिना आणि वर्षाला ‘इन’. सकाळी म्हणजे इन द मॉर्निंग, रात्री म्हणजे ॲट नाइट. सकाळीला वार चिकटला की वाराचं चालतं: ऑन मंडे मॉर्निंग. आणि वाराच्या आधी नेक्स्ट, लास्ट, धिस, एव्हरी यांपैकी काही आलं की प्रीपोझिशन गळून पडतं. म्हणून नुसतं ‘नेक्स्ट मंडे’.

एक जोडी मात्र मला फार आवडते. इंग्रजी शिकणारे जगभर ‘ऑन टाइम’ आणि ‘इन टाइम’ यांत गोंधळतात, आणि मराठी माणसाला ते आयतं मिळालेलं असतं. वेळेवर, वेळेत. गाडी वेळेवर सुटली: ऑन टाइम. आम्ही वेळेत पोचलो म्हणून ती मिळाली: इन टाइम. ‘वर’ला ‘ऑन’, ‘त’ला ‘इन’. अर्थाची छटासुद्धा तीच.

ब्रिटिश आणि अमेरिकन फरक इथे थोडा जाणवतो. ब्रिटिश ‘ॲट द वीकेंड’ म्हणतात, अमेरिकन ‘ऑन द वीकेंड’. रुग्ण ब्रिटनमध्ये ‘इन हॉस्पिटल’ असतो, अमेरिकेत ‘इन द हॉस्पिटल’. दोन्ही बरोबर, एका पत्रात दोन्ही मिसळू नका म्हणजे झालं.

पायरी ७: अडलात तर

पहिलं, कोश बघा, पण योग्य कोश बघा. इंग्रजी-मराठी कोश अर्थ सांगतो, ‘रीझन’ला काय लागतं हे क्वचितच सांगतो. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लॉन्गमन यांचे शिकणाऱ्यांसाठीचे कोश इंटरनेटवर फुकट आहेत. त्यांत शब्दाच्या जवळ कंसात किंवा ठळक अक्षरात ‘फॉर समथिंग’, ‘टू समबडी’ असं दिलेलं असतं. समथिंग आणि समबडी बऱ्याचदा एसटीएच आणि एसबी अशा संक्षेपांत येतात. लोक अर्थ वाचून पान बंद करतात. तुम्ही ती बारीक नोंद वाचा, मग उदाहरणवाक्यं वाचा. असा कोश पहिल्यांदा रचणाऱ्यांपैकी ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते, आणि त्यांचा कोश १९४२ साली टोकियोत निघाला. जपानीतही आपल्यासारखेच संबंध दाखवणारे शब्द नामाच्या मागे येतात. त्यांच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांतल्या चुका आपल्या वह्यांशी बऱ्यापैकी जुळत असणार.

दोन पर्यायांत अडलात तर गुगलच्या एन-ग्रॅम व्ह्यूअरमध्ये दोन्ही स्वल्पविराम देऊन टाका. छापील पुस्तकांत कोणतं जास्त येतं त्याचा आलेख मिळतो, ब्रिटिश आणि अमेरिकन वेगवेगळाही मिळतो. फक्त सावध राहा. ‘रीझन ऑफ’ही तिथे दिसेल, कारण ‘बाय रीझन ऑफ’ असा कायद्याच्या भाषेतला प्रयोग आहे. म्हणून तीन-चार शब्दांचा तुकडा शोधा, ‘रीझन फॉर द डिले’ असा.

वही ठेवणार असाल तर शब्द एकटा लिहू नका. ‘डॅमेज म्हणजे नुकसान’ ही नोंद तुम्हाला पुढच्या महिन्यात पुन्हा ‘डॅमेज ऑफ’ लिहायला लावेल. ‘डॅमेज टू द रोड’ लिहा, शेजारी ‘रस्त्याचं नुकसान’ लिहा आणि ‘चं’खाली रेघ मारा. रेघ त्या ‘चं’खालीच हवी, कारण चूक तिथे जन्मते. इंग्रजी वर्तमानपत्राचं एक पान घेऊन इफेक्ट, डिमांड, ॲक्सेस, इन्क्रीज अशा नामांपुढच्या शब्दाला गोल करायचा, हा खेळ रोज दहा मिनिटं पुरतो. मोठ्याने वाचलात तर आणखी बरं, ही गोष्ट शेवटी कानाने बसते.

आणि वेळ नसेल तर पळवाटा आहेत, त्यांत कमीपणा काही नाही. एक म्हणजे दोन नामं नुसती शेजारी ठेवायची: प्राइस इन्क्रीज, वॉटर शॉर्टेज, लीव्ह ॲप्लिकेशन, रूम की. प्रीपोझिशनचा प्रश्नच मिटला. दुसरी, नामाऐवजी क्रियापद वापरायचं. ‘गिव्ह ॲन आन्सर टू’पेक्षा नुसतं ‘आन्सर’ लहान आहे, आणि वाचायलाही बरं.

तर त्या मुलाची मेल शेवटी अशी गेली:

‘द रीझन फॉर माय लीव्ह इज माय सिस्टर्स मॅरेज टू अ बॉय फ्रॉम सातारा. आय विल गो बाय बस नेक्स्ट मंडे. देअर इज नो अदर सोल्यूशन टू धिस. आय विल आन्सर ऑल मेल्स. वी कॅन डिस्कस माय पेंडिंग वर्क ऑन द फोन.’

‘नो अदर सोल्यूशन’ हे वाक्य मी काढूनच टाकलं असतं, बहिणीच्या लग्नाला जाणं ही काही अडचण नव्हे. पण त्याला ते हवं होतं, राहू दिलं. संध्याकाळी त्याने साहेबांचं उत्तर दाखवलं. रजा मंजूर होती. खाली एकच ओळ होती: ‘वी विल डिस्कस अबाउट द वर्क आफ्टर यू कम बॅक.’